सलाईनमधल्या मिठाचे कूळ

सलाईनची बाटली जन्मली ती पटकीपायी. रक्तस्रावाशी तिचे नाते नंतर जुळले. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरात थॉमस लॅटाने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत खारे पाणी सोडले. ते आजच्याहून पुष्कळ फिके होते, शिवाय त्यात सोडा होता. मग ०.९ टक्के मीठ आले कुठून? श्रेय बहुधा डच शास्त्रज्ञ हँबर्गरला दिले जाते. पण तांबड्या पेशी कितपत खारटपणात फुटत नाहीत, हे त्याने पाहिले ते काचेच्या नळीत, रोग्यात नव्हे. लंडनच्या सिडनी रिंगरचेही नाव घेतले जाते. मात्र त्याच्या द्रावात पोटॅशियम, कॅल्शियम होते आणि तो वंश अमेरिकन डॉक्टर हार्टमनने घातलेल्या लॅक्टेटमार्गे ‘आर. एल.’मध्ये (रिंगर लॅक्टेटमध्ये) उतरला. ०.९ टिकले ते सोयीमुळे असावे: मीठपाणी खुशाल तापवून निर्जंतुक करता येते, सोडा तापवला की बिघडतो.

लिटरभर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. मीठ नेहमीच असे मुबलक नव्हते: गडचिरोलीतल्या भामरागडकडे तर माडिया आदिवासी चारोळी, डिंक देऊन मीठ घेत आणि व्यापारी त्यात गबर होत. शरीराची संप्रेरके अशाच टंचाईत घडलेली दिसतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथने मूत्रपिंडाचे मूळ गोड्या, म्हणजे मीठ कमी असलेल्या, पाण्यातल्या माशांत शोधले, विरोधकांनी समुद्रात. पण अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या, मीठ जवळपास न खाणाऱ्या यानोमामींच्या अंगात मीठ राखणारे संप्रेरक अल्डोस्टेरॉन भरपूर आढळले, हा पुरावा टंचाईच्या बाजूचा आहे.

रक्त वाहून गेले की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन, मग अल्डोस्टेरॉन. पियूषिकेतून व्हॅसोप्रेसिन येते. अल्डोस्टेरॉन मीठ राखते, व्हॅसोप्रेसिन पाणी. लघवी गडद होऊन चार थेंबांवर येते. सलाईन चढले, दाब सावरला की रेनिन उतरते. पण वेदना, मळमळ, शस्त्रक्रिया यांपायी व्हॅसोप्रेसिन चढेच राहते. त्यातच सलाईनमधले जादा क्लोराइड मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळते. मीठ निघायला दिवस लागतात. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा राहतो. अशा कारणांनीही आता मोठ्या रक्तस्रावात सलाईन हात राखून आणि रक्त लवकर देतात.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला की रक्ताची पिशवी वेळेत पोचणे अवघड; तेव्हा वाहणारे रक्त थांबवणे आणखी महत्त्वाचे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दिले जाणारे ऑक्सिटोसिन हे व्हॅसोप्रेसिनचे सख्खे भावंड: नऊ अमिनो आम्लांपैकी फक्त दोन वेगळी. मोठ्या मात्रेत तेही पाणी अडवते. ते नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यातून फार दिले तर रक्तातले सोडियम घसरते. तिथे मात्र खारी बाटलीच लागते.