हृदयप्रत्यारोपण : अस्वीकाराचे सूक्ष्मदर्शीय निदान

रोपलेल्या हृदयावर ग्राहकाच्या प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला म्हणजे अस्वीकार, डॉक्टरांच्या भाषेत रिजेक्शन. आरंभी तो बहुधा लक्षणांवाचून चालतो. धाप लागून पाय सुजेपर्यंत स्नायूची बरीच हानी झालेली असते. म्हणून हृदयाचाच कण काढून तपासण्याची पद्धत, म्हणजे बायोप्सी, रूढ झाली. १९७०च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्ड येथे फिलिप केव्ह्ज यांनी मानेतील शिरेतून बायोप्टोम हा बारीक चिमटा उजव्या जवनिकेत नेऊन तिथल्या पडद्याचे कण खुडण्याचे तंत्र बसवले. त्या कणांत काय पाहायचे, याचे निकष मार्गारेट बिलिंगहॅम यांनी घालून दिले.

नेहमीच्या रंजनात स्नायुतंतू गुलाबी आणि केंद्रके निळी-जांभळी दिसतात. अस्वीकारात लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी आधी रक्तवाहिन्यांभोवती जमतात, मग तंतूंच्या फटींत शिरतात आणि शेवटी स्नायुपेशीला भिडतात. तिची कड कुरतडल्यासारखी दिसते, ती शेजारणींपासून सुटी पडते. तीव्र अवस्थेत सूज आणि रक्तस्रावही आढळतो. यातली निर्णायक खूण म्हणजे लिंफोसाइट बिलगलेली जखमी स्नायुपेशी. नुसती गर्दी पुरेशी नाही, कारण क्विल्टी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुंजक्यांत लिंफोसाइट दाटीने असूनही तो अस्वीकार नसतो. नुसती इजाही पुरेशी नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपुरवठा थांबल्यानेही पेशी मरतात. निर्णायक खूण किती ठिकाणी आहे हेही महत्त्वाचे, असे अस्वीकाराच्या १९९०च्या आंतरराष्ट्रीय श्रेणींचा अनुभव सांगतो. इजेचे एकच ठिकाण असलेली दुसरी श्रेणी बहुधा उपचारांविना ओसरते, असे दिसून आले. म्हणून २००४च्या सुधारणेत ती सौम्य १आर श्रेणीत गेली आणि २आरसाठी इजेची दोन वा अधिक ठिकाणे आवश्यक ठरली.

या पद्धतीवरचे आक्षेप खरे आहेत. अस्वीकार ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, त्यामुळे चिमटा निरोगी जागी पडू शकतो. म्हणूनच किमान तीन, शक्यतो त्याहून अधिक कण घेतात. एकाच स्लाइडवर दोन तज्ज्ञांचे मत अनेकदा जुळत नाही, विशेषतः वरच्या श्रेणींत. हा दोष जास्त गंभीर आहे. संगणकाला हजारो स्लाइडवर शिकवून तो कमी करण्याचे प्रयत्न आशादायक आहेत, पण त्याला शिकवणारी उत्तरे त्याच तज्ज्ञांची असतात, हे विसरता येत नाही. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या अस्वीकारात तर पहिला घाव केशवाहिन्यांच्या अस्तरावर पडतो आणि स्नायुपेशी शाबूत दिसू शकते. यामुळे वरचा निकष खोटा ठरत नाही. तो पेशींमार्फत होणाऱ्या अस्वीकारापुरताच आहे, एवढेच ठरते. प्रतिपिंडांसाठी सी४डी या प्रथिनाचे रंजन आणि २०१३ची वेगळी श्रेणीरचना आहे.

मग रक्त तपासून भागणार नाही का? बऱ्याच अंशी भागते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०२ रुग्णांच्या अभ्यासात, प्रत्यारोपणाला सहा महिने उलटलेल्या आणि धोका कमी असलेल्या रुग्णांवर रक्तपेशींतील जनुकांच्या चाचणीने देखरेख केली, तेव्हा बायोप्सी खूप घटल्या आणि परिणाम वाईट झाले नाहीत. रक्तात उतरणारा दात्याचा डीएनए मोजणेही उपयोगी आहे. स्थिर रुग्णाला वारंवार चिमटा लावू नये, हे यातून पटते. पण रक्तचाचणीत बिघाड दिसला की हल्ला पेशींचा की प्रतिपिंडांचा, हे ठरवावेच लागते. कारण पहिल्यावर मुख्यतः स्टिरॉइडची मोठी मात्रा देतात, तर दुसऱ्यावर प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडे काढावी लागतात. हा निवाडा आजही मुख्यतः स्लाइडवरच होतो.