डिमीटर : धान्याची देवता, लेकीची आई

ग्रीकांच्या देवता म्हटल्या की अथीना आणि ॲफ्रोडायटी याच बहुधा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मला मात्र त्या दोघींपेक्षा डिमीटर जवळची वाटते. ती धान्याची देवता. तिची कथा होमरच्या नावावर मोडणाऱ्या एका प्राचीन स्तोत्रात आहे. शतकानुशतके लुप्त झालेल्या या स्तोत्राचे हस्तलिखित इ. स. १७७७ मध्ये मॉस्को येथे सापडले.

डिमीटरची कन्या पर्सेफनी कुरणात फुले वेचीत होती. पाताळाचा राजा हेडीस याने तिला बळेच रथात घालून नेले. मुलीचा बाप झ्यूस याची त्याला संमती होती. विचारले नव्हते ते आईला आणि मुलीला! नऊ दिवस अन्नपाण्यावाचून, हाती मशाली घेऊन डिमीटर हिंडली. अखेर सूर्याने खरे ते सांगितले, आणि वर समजूत घातली की जावई काही कमी योग्यतेचा नाही, बापाचा सख्खा भाऊच आहे. अथेन्समध्ये मुलीचे लग्न बापच ठरवी. आईच्या होकाराला कायद्यात स्थान नव्हते. तेव्हा तेथील बायकांना ही कथा केवळ देवादिकांची वाटत नसावी.

डिमीटरने शस्त्र उचलले नाही. तिने आपले काम थांबविले. बैल नांगर ओढीत राहिले, बियाणे पडत राहिले, पण अंकुर म्हणून फुटेना. माणसे उपाशी मरू लागली, तसे देवांचे नैवेद्यही बंद होण्याची वेळ आली. झ्यूसने एकामागून एक देव नजराणे देऊन पाठविले. लेक दृष्टीस पडेपर्यंत धान्य उगवू देणार नाही, हेच तिचे उत्तर. शेवटी झ्यूसला नमावे लागले. विजय मात्र पुरता नव्हता. हेडीसने निघताना डाळिंबाचा दाणा खाऊ घातल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा मुलीला पाताळात काढावा लागे.

याच देवतेचा थेस्मोफोरिया हा उत्सव अथेन्समध्ये पेरणीच्या तोंडावर, साधारण ऑक्टोबरात, तीन दिवस चाले. तो विवाहित नागरिक स्त्रियांचा; पुरुषांना तेथे मज्जाव. दुसऱ्या दिवशी साऱ्याजणी जमिनीवर बसून उपवास करीत, तिसऱ्या दिवशी चांगल्या संततीसाठी प्रार्थना करीत. ज्या नगरीच्या सभेत स्त्रीला मत नव्हते, तेथे या उत्सवाच्या प्रमुख स्त्रिया बायकाच आपसांतून निवडीत. आणि श्रीमंत नवऱ्याला पत्नीच्या वतीने गावच्या बायकांना जेवण घालावे लागे! न्यायालयातील एका भाषणात याचा उल्लेख आहे.

ॲरिस्टोफेनीसने ख्रिस्तपूर्व ४११ मध्ये या उत्सवावर एक प्रहसन रचले. त्यात एक पुरुष बाईच्या वेषात आत शिरतो आणि पकडला जातो. ते लिहिणारे, त्यात बायकांची सोंगे घेणारे सारे पुरुषच; तेव्हा आत बायका काय बोलत, याला त्याची साक्ष मी फारशी मानीत नाही. एका विधीची माहिती मात्र जुन्या टीकाकाराने दिली आहे. डुकराची पिल्ले खोल खड्ड्यांत टाकीत. त्यांचे कुजलेले अवशेष काही स्त्रिया खाली उतरून वर आणीत आणि वेदीवर ठेवीत. शेतकरी तेथून ते उचलून नेत, आणि त्या वर्षीच्या बियाण्यात मिसळीत.