वाड्यांच्या दारांवरील धातुकाम : एक उपेक्षित साधन

मराठी वास्तुकलेच्या अभ्यासात वाड्यांतील लाकडी कोरीव कामाचा विचार झाला. दारांवरील कडी-कोयंडे, बिजागऱ्या व फुलदार खिळे मात्र उपेक्षित राहिले. वस्तुतः येथील अलंकार जोडणीच्या गरजेतूनच उद्भवला. फळ्या आडपट्ट्यांशी जखडणाऱ्या खिळ्याचे टोक मागे वाकवीत आणि दर्शनी बाजूस त्याच्या पसरट डोक्यास फुलाचा आकार देत. शनिवारवाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. दिल्ली दरवाजा व त्यावरील अणकुचीदार खिळे मात्र टिकले. हे खिळे हत्तींची धडक रोखण्यासाठी होते. गृहस्थाच्या दारी त्याच तंत्राने शोभा साधली.

भाता, ऐरण, हातोडा, सांडशी, छिन्नी व कानस एवढीच लोहाराची सामग्री. म्हणूनच एकाच दारावरील दोन फुले तंतोतंत जुळत नाहीत. यंत्रनिर्मित मालात हा भेद लोपतो. कारागिरांची नावे बहुधा अज्ञातच आहेत. हातोड्याचे घाव व कानशीचे ओरखडे हाच त्यांचा लेख होय. वाडा पाडताना हे लोखंड मोडीत गेले की तो लेखही वितळतो. सबब जुन्या कागदपत्रांइतक्याच काळजीने त्याची मोजमापे व रेखाचित्रे घेणे अगत्याचे आहे.