हिऱ्याची जबानी

इ. स. १९२८ च्या फेब्रुवारी महिन्यात कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन व के. एस. कृष्णन यांना द्रवांतून प्रकीर्ण होणाऱ्या प्रकाशात मूळ प्रकाशात नसलेले रंग आढळले, आणि त्याच सुमारास मॉस्को येथे लांड्सबर्ग व मांडेलश्टाम यांनी क्वार्ट्‌झच्या स्फटिकात तोच चमत्कार स्वतंत्रपणे टिपला, तेव्हा घन पदार्थाच्या अंतरंगाचा तपास करण्याची एक नवी वाट खुली झाली. स्फटिकातील अणूंची कंपने ऊर्जा स्वीकारतात ती ठरावीक पुंजांनीच. या पुंजास फोनॉन म्हणतात. प्रकाशकण असा एक फोनॉन निर्माण करून बाहेर पडला, तर तेवढ्या ऊर्जेने तो उणा होतो व तांबड्याकडे सरकतो. उलट स्फटिकात आधीच असलेला फोनॉन त्याने उचलला, तर तो निळ्याकडे सरकतो. स्फटिक थंड करीत गेले की निळ्या बाजूची रेषा मावळत जाते, तांबड्या बाजूची मात्र राहते. कारण निवालेल्या स्फटिकाला घेणे शक्य असते, देण्यासारखे मात्र त्याच्यापाशी काही उरत नाही. पुंजसिद्धांताचा याहून उघड पुरावा क्वचितच सापडेल.

हिऱ्याच्या बाबतीत ही रेषा एकच व अत्यंत ठसठशीत आहे. दर सेंटीमीटरला १३३२ इतक्या तरंगसंख्येची ही रेषा सी. रामस्वामी यांनी १९३० साली नोंदविली, आणि पुढे हिऱ्याचे वेड लागलेल्या रामन यांनी बंगलोरला तिच्याभोवती एक संपूर्ण सिद्धांत उभा केला. स्फटिकाच्या कंपनांस मोजक्याच निश्चित कंप्रता असतात, असा त्यांचा दावा होता. उलटपक्षी, माक्स बोर्न यांनी १९१२ पासून मांडलेल्या गणितानुसार या कंप्रता सलग पट्ट्यांत पसरलेल्या असावयास हव्या होत्या. ज्या बोर्न यांना रामन यांनीच १९३५ साली सन्मानाने बंगलोरला पाचारण केले होते, त्यांच्याशीच हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

वादाचा मुद्दा पुराव्याच्या एका बारीक धाग्यावर येऊन थांबला होता. एकच प्रकाशकण एकदम दोन फोनॉन निर्माण करतो, तेव्हा उमटणारा वर्णपट इतका मंद असतो की, मूळ प्रकाशाच्या झगमगाटात तो बुडून जातो. बंगलोरच्या आर. एस. कृष्णन यांनी १९४० च्या दशकात त्यावर नामी तोड वापरली. पाऱ्याच्या दिव्यातील २५३६.५ अँगस्ट्रॉमचा अतिनील प्रकाश त्यांनी त्यास पारदर्शक अशा दुर्मीळ जातीच्या हिऱ्यावर टाकला, आणि बाहेर पडणारा प्रकाश पाऱ्याच्याच वाफेतून नेला; वाफ स्वतःची मूळ रेषा तेवढी शोषून घेते आणि परके झालेले रंग बिनधोक सोडून देते. तरीही काचपट्टीवर ठसा उमटण्यास प्रदीर्घ काळ लागे. उमटलेल्या उंचवट्यांस रामन यांनी निश्चित रेषा मानले. एडिंबरो येथे बोर्न यांच्या सहकारी हेलन स्मिथ यांनी १९४८ साली गणिताने दाखविले की, सलग पट्ट्यांतूनही असे उंचवटे निघू शकतात. दोन्ही पक्ष विद्वान होते. उणा होता तो दिवा.

तो दिवा १९६० साली कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पेटविला, आणि योगायोग असा की, तोही माणकाच्या स्फटिकातूनच निघाला. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा, एकाच दिशेचा व ध्रुवित असल्यामुळे, स्फटिकाच्या कोणत्या अक्षाला धरून तो आत सोडला व कोणत्या अक्षाला धरून बाहेर पाहिला, यावरून कंपनाची सममितीही ओळखता येऊ लागली. बेल प्रयोगशाळेतील पोर्तो यांनी झिंक ऑक्साइडवर १९६६ साली वापरलेली ही नोंदीची पद्धत आजही त्यांच्याच नावाने चालते. हिऱ्याचा नवा वर्णपट १९७० साली प्रसिद्ध केला तो पर्ड्यू विद्यापीठाच्या सोलिन व अनंत रामदास यांनी; त्यांपैकी रामदास हे पुणे विद्यापीठाचे पदवीधर व रामन यांचेच शिष्य.

दरम्यान १९६० च्या दशकात न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनाने बोर्न यांच्या बाजूने निवाडा दिलेलाच होता. परंतु लेसरच्या वर्णपटात एक नवीच अडचण निघाली : १३३२.५ च्या दुपटीहून किंचित पलीकडे, २६६७ च्या सुमारास, एक तीक्ष्ण शिखर उभे होते. दोन फोनॉन परस्परांस बांधले जात असावेत, अशी कल्पना त्यावर बरीच वर्षे चालली. पुढे १९९० च्या दशकातील गणितांनी दाखविले की, हिऱ्यातील फोनॉनांची कंप्रता तरंगसदिश शून्य असलेल्या मध्यबिंदूपाशी कमाल न होता त्यापासून थोडी दूर गेल्यावर कमाल होते, व शिखर त्यामुळेच उठते. रामन यांचा सिद्धांत या चौकशीत टिकला नाही, परंतु चौकशीची रीत त्यांचीच राहिली. एखाद्या प्रयोगशाळेत वायूपासून बनविलेला पातळ थर खराच हिरा आहे काय, हे ठरविताना आजही त्यावर लेसर टाकून १३३२ ची रेषा उमटते की नाही, हेच प्रथम पाहतात.