अजिंठ्याची भिंत ओली होती की कोरडी?

इंदूर, बडोदा, तंजावर, बेळगाव, जिथून कुठून ऐकत असाल तिथे आजचा विषय तुमच्या घराच्या भिंतीपासूनच सुरू होतो.

मी चित्रकार नाही. फौजेत रंग शिकलो तो छावणीत. बडे साहेब पाहणीला येणार असले की आदल्या दिवशी झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागायचा. आमच्या फौजेतला हा विनोद जुना आहे, पण त्यातून रसायनशास्त्र पक्कं कळतं. चुना ओला असताना पातळ दिसतो, वाळला की पांढराशुभ्र आणि घट्ट होतो. बराकीच्या आतल्या डिस्टेंपरला पाठ टेकली की वर्दीवर पांढरा पट्टा उमटायचा, कारण त्यात सरस कमी पडलेला असायचा. गाडीला मारलेला तेलरंग मात्र पावसात धुऊन निघत नसे. रंगाची भुकटी बहुतेक वेळा तीच असते, माती किंवा काजळी. तिला कोण धरून ठेवतं, यावर माध्यम ठरतं.

हे लक्षात ठेवून अजिंठ्याला जाऊ. त्या चित्रांना आपण सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतो. ती फ्रेस्को नाहीत. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात कैद होतो. डिंक लागत नाही, सरसही नाही. मात्र चित्रकाराला घाई असते. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा त्याने ओला करायचा.

अजिंठ्याच्या कारागिरांनी वेगळी वाट धरली. तिथला कातळ बसाल्टचा, कठीण. छिन्नीने तो खडबडीत ठेवून त्यावर मातीचा लेप दिला. मातीत भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू मिसळले, म्हणजे आपल्या खेड्यातल्या कुडाच्या भिंतीचंच तंत्र. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात. तो वाळल्यावर चिकट पदार्थात कालवलेले रंग. याला टेम्परा म्हणतात. लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरी माती हे सगळं जवळपास मिळणारं. अपवाद निळ्याचा. पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसणारा तो निळा राजावर्त, बदख्शानच्या खाणीतला. आजच्या अफगाणिस्तानातून वाघूर नदीच्या घळीपर्यंत तो दगड आला. माल कसा पोचवायचा याची काळजी आयुष्यभर केलेल्या माणसाला, म्हणजे मला, चित्रातल्या राजपुत्रापेक्षा त्या निळ्या रंगाचंच अधिक नवल वाटतं.

आता मुद्दा असा की, टेम्पराची भिंत पाण्याला भिते. आतून दमट झाली की माती सुटते आणि चित्रासकट पापुद्रा खाली येतो. फ्रेस्कोला जे चालेल ते इथे चालत नाही. हा फरक न ओळखल्याची किंमत या भिंतींनी मोजलेली आहे.

१८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला लेणी दिसली. लेणं क्रमांक १० मध्ये त्याने खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलं. माझ्याच पेशाच्या माणसाचं हे काम, काय बोलणार! पण त्याच पेशातला दुसरा माणूस पाहा. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याने त्याच कामात घातली. अंधार, वटवाघळं, ताप. त्याने माध्यम निवडलं ते तैलरंग, कॅनव्हासवर. जवसाचं तेल नुसतं वाळत नाही, हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं. त्यामुळे रंगाला खोली आणि चकाकी येते. अजिंठ्याच्या भिंतीला चकाकी नाही. म्हणजे नक्कल कितीही प्रामाणिक असली तरी तिचा स्वभाव मूळ चित्राहून वेगळाच राहणार. तरीही त्या नकला आज असत्या तर मोलाच्या ठरल्या असत्या, कारण तेव्हा भिंतीवर असलेलं बरंच पुढे झडून गेलं. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलची बहुतेक चित्रं जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

क्रिस्टियाना हेरिंगहॅम या बाई १९०९ च्या सुमारास आल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार त्यांच्या मदतीला होते. या बाई टेम्पराच्या जाणकार, त्यावरच्या जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद केलेल्या. तरी १९१५ मध्ये नकलांचं पुस्तक निघालं त्याच्या नावात शब्द आला ‘फ्रेस्को’च!

१९२० मध्ये निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. सुटलेले पापुद्रे त्यांनी चिकटवले, त्याबद्दल आभारच मानायला हवेत. पण रंगावर लाखेचं रोगण दिलं. आपल्या जुन्या कपाटावर असतं तेच. सुरुवातीला चित्र उजळलं. मग लाख पिवळी पडली, तपकिरी झाली, तिने धूळ आणि काजळी धरली. श्वास घेणाऱ्या मातीवर तिचं कवच बसलं. पुढे आपल्या पुरातत्त्व विभागाच्या रसायनज्ञांना ते कवच बोटा-बोटाच्या अंतराने उतरवावं लागलं.

तंजावरकरांना मी विसरलेलो नाही. बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणेत नायककाळातल्या चित्रांखाली चोळांची चित्रं दडलेली आहेत हे १९३१ मध्ये गोविंदस्वामी यांच्या लक्षात आलं. परमशिवन या मद्रासच्या रसायनज्ञाने तपासून सांगितलं की चोळांचं काम चुन्यातलं, खरं फ्रेस्को आहे. पुढे वरचा नायक थर अलगद सोलून फायबरग्लासच्या फळ्यांवर बसवला गेला. खालचं चित्र चुन्याच्या दगडात कैद होतं म्हणून हे जमलं. हाच प्रयोग अजिंठ्याच्या मातीवर करायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या लेण्यात शिरताच पद्मपाणीकडे धावू नका. पाच मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग जिथे चित्र तुटलंय तिची कड पाहा. आधी काळा कातळ, मग तुसाची माती, मग नखाएवढी पांढरी रेघ, आणि तिच्यावर रंग.