सर्वसमावेशक आपत्ती नियोजन : चंद्रपूर व गडचिरोली

पूर, उष्णतेची लाट, रोगाची साथ अशा संकटांत प्रत्येकाला लागणारी मदत वेगळी असते, हे धरून केलेली पूर्वतयारी. गर्भवती, दिव्यांग, वृद्ध, दीर्घकाळ आजारी आणि मराठी न समजणारे रहिवासी यांचा तीत प्रामुख्याने विचार होतो.

भूप्रदेश : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. १४,४१२ चौ. किमी. क्षेत्रात २०११ साली १०,७२,९४२ लोक राहत होते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. ऑगस्ट २०२० अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या विसर्गामुळे वैनगंगेकाठच्या ब्रह्मपुरी व देसाईगंज तालुक्यांतील गावांत पूर आला. वाट बंद झाल्यावर रुग्णवाहिका पोचत नाही. म्हणून येथे मदतीची खरी वेळ पुराच्या आधीची असते.

माहेरघर : राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ही सोय आहे. दुर्गम टोल्यावरील गर्भवती प्रसूतीच्या काही दिवस आधी येथे मुक्कामाला येते. लहान मूल व एक नातलग सोबत राहू शकतात. मूल कोणाजवळ ठेवायचे, ही तिची अडचण योजनेतच सोडवलेली असल्याने तिला घरातून निघणे शक्य होते.

कायदा व नोंदी : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि त्यांना धोक्याची सूचना देणे बंधनकारक आहे. या अधिनियमातील २१ प्रकारांत सिकलसेलचाही समावेश आहे. या भागात हा आजार बराच आढळतो. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी व जंतुसंसर्ग यांमुळे रुग्णाला तीव्र वेदना होऊ शकतात. त्यामुळे निवारा केंद्रात पिण्याचे पाणी, कोरडे पांघरूण आणि नेहमीची औषधे हाताशी असणे आवश्यक ठरते.

सूचना : येथे मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू व बंगालीही बोलल्या जातात. इशारा त्या त्या भाषेत द्यावा लागतो. कर्णबधिरांना घरी जाऊन खुणेने किंवा चित्राने सांगावे लागते, तर अंध व्यक्तीला सोबत नेणारा माणूस आधीच ठरवावा लागतो. आशा कार्यकर्ती व पोलीस पाटील घरोघरची माणसे ओळखतात. त्यांच्या मदतीने गावाची यादी दरवर्षी जूनपूर्वी ताजी करणे आणि प्रत्येक नावापुढे सोबत्याचे नाव लिहिणे, हा या नियोजनाचा पाया होय.