देवेंद्र कुरवंजी : विज्ञानकथेचे एक पूर्वरूप

मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना समीक्षक बहुधा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापासून आरंभ करतात. परंतु नव्या विश्वरचनेला कथारूप देण्याचा एक यत्न त्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या राजवाड्यात झाला होता. सरफोजी राजे भोसले (१७७७–१८३२) यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक तो यत्न होय.

कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहिणी नायिकेकडे डोंगरी जमातीची भटकी स्त्री येते, आपण पाहिलेले डोंगर व नद्या वर्णिते आणि हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींनी हा साचा मोडला नाही; त्यातील आशय मात्र पालटला. त्यांची कुरवंजी इंद्राणीला पृथ्वीवरील खंडे व देश सांगते आणि सूर्याला केंद्रस्थानी मानणारी कोपर्निकसची ग्रहव्यवस्थाही ऐकविते. स्वर्गातील राणीने आकाशाचे ज्ञान एका भटक्या स्त्रीकडून घ्यावे, यातच या कल्पनेचे सामाजिक धैर्य आहे.

श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. ज्याची सत्ता किल्ल्यापुरती उरली, त्याने साऱ्या भूगोलाचे नाटक लिहिले. यास केवळ मनोविनोद म्हणता येणार नाही. ज्या ज्ञानाच्या बळावर परक्यांची जहाजे येथवर आली, ते ज्ञान आपल्या भाषेत आणण्याची निकड त्यामागे दिसते.

येथे केप्लरच्या ‘सोम्नियम’चे स्मरण होते. त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली छापलेल्या या स्वप्नकथेतही पृथ्वीच्या गतीचे ज्ञान पुढे येते, ते वनौषधी विकणाऱ्या व भुताखेतांशी परिचय असलेल्या एका मातेच्या आश्रयाने. नवे शास्त्र लोकमनात शिरते, ते पुष्कळदा जुन्या श्रद्धेचा हात धरून. सरफोजींची कुरवंजी भविष्यही सांगते आणि खगोलही. ही विसंगती नव्हे, संक्रमणकाळाची खूण होय.

दुर्दैव असे, की या यत्नास परंपरा लाभली नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत जे नाटक उभे केले, त्याचा तंजावरशी धागा जुळला नाही. ‘देवेंद्र कुरवंजी’ सरस्वती महालातून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती १९५० साली. पुढे १९६३ साली थुंब्याहून अग्निबाण उडाला, १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ कथेस पारितोषिक मिळाले. तोवर मराठी वाचकाला विज्ञानकथा पश्चिमेकडून आलेली पाहुणी वाटत होती.

कुरवंजीत यंत्र नाही, भविष्यकाळाचे चित्र नाही. तिला विज्ञानकथा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु विज्ञानकथेचे मूल्य तिची भाकिते खरी ठरण्यावर अवलंबून नसते. पालटलेल्या विश्वात माणसाने आपले स्थान कसे ओळखावे, हा तिचा प्रश्न आहे. आणि तो मराठीत प्रथम विचारला गेला, तो कावेरीच्या खोऱ्यात.